बारा गोवऱ्या आणि वर एक

होळीची राख गार होते न होते तोच ठाण्याच्या काकांचा निरोप फोनवर येतो. "ताई, यंदा गोवऱ्या मिळतील का?" मी लिहिते, "नाही हो काका, ते बंद होऊन कितीतरी वर्षं झाली." ते हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. आम्ही दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण उन्हाळा लागला हे मला हल्ली कॅलेंडरवरून कमी आणि काकांवरून जास्त कळतं.

निरोप आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. फरशीवर तळपाय टेकवत नाही इतकं ऊन. शेजारच्या बायका ते ऊन बघून कुरडयांचा चीक आणि पापडाची पिठं ठरवतात. मी मनातल्या मनात म्हणते, या उन्हात गोवरी चार दिवसांत खडखडीत वाळेल, मधे एकदा उलटली तर साडेतीनच. ज्ञान कसं मिळेल आणि किती टिकेल, याला काही नियम नाही. कॉम्प्युटरच्या क्लासात मी पाच वर्षं जे शिकवलं त्यातलं निम्मं विसरले, हे मात्र विसरत नाही.

मी गोवऱ्या विकल्या तो उन्हाळा लागोपाठ दोन पावसाळ्यांनी पाठ फिरवल्यानंतरचा होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि शहर हर्सूलच्या बाजूला झपाट्यानं पसरत होतं. आम्ही तिकडंच फ्लॅट घेतला होता. माहितीपत्रकात गॅलरीतून तलाव दिसतो असं छापलं होतं. दिसायचाही, फक्त त्यात पाणी नव्हतं. तळाच्या भेगाळलेल्या चिखलात पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू भेगेत गेला की खेळ थांबायचा. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. न्हाणीघरात ड्रम, स्वयंपाकघरात ड्रम, पाहुणे आले तर एका ड्रमावर पाट ठेवून तिथं चहाच्या कपबशा. समोरच्या प्लॉटवर मात्र स्लॅबवर दिवसभर पाणी मारायचे. बांधकामाला पाणी कुठून येतं, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आमच्याही स्लॅबला ते तसंच मिळालं होतं.

मुलगी तीन वर्षांची होती आणि तिच्यासाठी मी क्लास सोडला होता. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, सकाळी सातला बाहेर. पैशाची ओढाताण होती असं नाही, पण भाजीवाल्याला देताना प्रत्येक नोट दुसऱ्याची वाटायची, हे मला सहन होत नव्हतं. त्यातून मी 'घरबसल्या कमवा' छापाचे व्हिडिओ बघायला लागले. एका ठिकाणी फॉर्म भरायचं काम होतं, पण कामाआधी नोंदणीची फी मागत होते. कामासाठी मीच पैसे द्यायचे म्हणजे नवलच. दुसऱ्या ठिकाणी आठवडाभर प्रश्नावल्या भरल्या. मी कोणता साबण वापरते, कोणत्या गाडीचं स्वप्न बघते, सगळं सांगितलं. बदल्यात दहा रुपयांचं रिचार्ज मिळालं. नवरा म्हणाला, "यापेक्षा घरातली रद्दी विकलीस तर जास्त येतील." तो चिडवत होता, पण हिशेब बरोबर होता.

त्या व्हिडिओंतली एकच गोष्ट डोक्यात राहिली. तुमच्या आजूबाजूला जे फुकट पडलंय, ते कुणाला तरी हवं असतं, ते शोधा. माझ्या आजूबाजूला काय होतं? सोसायटीची मागची भिंत होती आणि तिच्यावर बाहेरून रांगेनं थापलेल्या गोवऱ्या होत्या.

त्या गोवऱ्या सुभद्रामावशीच्या. आमच्या इमारती उभ्या राहिल्या ती सगळी जमीन तिच्या सासरची. दिरांनी विकून टाकली, वाटे झाले, आणि मावशीकडं उरले पाच गुंठे, त्यात पत्र्याच्या दोन खोल्या, एक कडुनिंब आणि एक तांबूस गाय. गायीचं नाव कपिली. भिंत घाण होते अशी सोसायटीच्या बैठकीत तक्रार झाली, आणि मी 'घरीच असते' म्हणून मावशीला समजवायचं काम माझ्याकडं आलं.

"मावशी, सोसायटीवाले म्हणतात भिंतीवर गोवऱ्या लावू नका."

"भित कवा बांधली तुमी?"

"झाली दोन वर्षं."

"म्या चाळीस वर्सं थापते. आधी भुईवर थापायची. भुई गेली, तिथं भित आली. मंग आता कुठं थापू, तूच सांग."

मी परत येऊन सेक्रेटरींना म्हणाले, बाई बहिऱ्या आहेत वाटतं. आमची ओळख झाली ती या थापेतून.

पुढं मी रोज एक बादली घेऊन जायला लागले. तांदूळ-डाळीचं धुवण आणि पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी. ते पाणी कपिलीला. गायीला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं हे मला तिथं कळलं. हे मला सांगितलं मावशीच्या मुलानं, दत्तानं. तो टँकर चालवायचा. अख्ख्या हर्सूलला पाणी पोचवून संध्याकाळी घरी आला की त्याची आई त्याच्याकडं एक घागर मागायची आणि तो चिडायचा.

"माय, इथं माणसाला पाणी नाय. कडब्याचे भाव बघितले का? पाचोडच्या बाजारात नेऊ हिला. चार पैसे तरी येतील."

मावशी घागर उचलून आत जायची. कारण मला नंतर समजलं. मावशीचं माहेर पाचोडजवळचं. लग्नात तिला आंदण म्हणून जी गाय मिळाली, तिच्या वंशातली ही कपिली. "आंदणाची गाय माहेरच्याच बाजारात उभी करायची?" ती मला म्हणाली. "तिथं समदे वळखतेत मला. म्हणतील, सुभद्रीला सासरी गाय पोसवंना. अन् पोरी, गाय म्हातारी. अशा दिसांत म्हातारी गाय कोण घेतं, कशाला घेतं, मला ठावं नाय व्हय?" तिनं डोळ्यांना पदर वगैरे लावला नाही. गव्हाण झाडत होती, ती झाडत राहिली. त्या उन्हाळ्यात गव्हाणीत एक काडी उरत नव्हती, तरी ती रोज झाडायची.

माझे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून. होमाला देशी गायीची गोवरी लागते आणि शहरात ती मिळता मिळत नाही, एवढं मला घरातल्या बोलण्यावरून माहीत होतं. मी मावशीला म्हणाले, आपण या गोवऱ्या मुंबई-पुण्याला विकू. फोनवरून.

मावशी माझ्याकडं बघत राहिली. "शेण?"

"हो."

"पैशे देऊन घेतेत? त्यांच्याकडं शेण नाय व्हय?"

"गाईच नाहीत मावशी."

"मंग दूध?"

"पिशवीतून येतं."

तिनं जरा विचार केला. "मंग शेण बी पिशवीत. बरोबर हाय."

भांडवल सांगते. महिन्याचा नेटपॅक होताच. भंगारवाल्याकडून एक जुना वजनकाटा घेतला, चिकटपट्टीचे दोन रोल घेतले, आणि किराणा दुकानातून खोकी फुकट आणली. पहिली खोकी साबणाची होती. गोवऱ्यांना त्या साबणाचा असा वास लागला की मावशी म्हणाली, "आंघोळ करून आली का काय ही?" मग उदबत्तीची खोकी मागून आणायला लागले. कपिलीच्या पाठीवर सकाळचं ऊन असताना फोटो काढला. गोवरीचा फोटो काढला, त्यात मावशीच्या चार बोटांचे ठसे अगदी स्पष्ट आले. समाजमाध्यमावर पान उघडलं, नातेवाइकांच्या गटांतून ते फिरवलं. तळहाताएवढ्या बारा गोवऱ्या, पार्सलचा खर्च धरून एकच किंमत, पैसे आधी बँकेत. नवरा म्हणाला, "एम. एस्सी. झालेली बायको शेण विकते हे माझ्या आईला तूच सांग." सांगितलं. सासूबाईंनी दोन पाकिटं मागवली.

पहिलं परकं गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याचे काका. निवृत्त, रोज सकाळी अग्निहोत्र करणारे. त्यांच्या पाकिटात बारा गोवऱ्या मी स्वतः मोजून भरल्या, वजन केलं, एक किलोच्या आत बसलं, आणि खोकं चिकटपट्टी लावायला मावशीकडं दिलं. कुरिअरच्या दुकानात काट्यावर ठेवलं तर किलोच्या वर. दुकानदार म्हणाला, "म्हणजे दीड किलोचा दर." माझा नफा तिथंच संपला. घरी येऊन माझा काटा तपासला, तो बरोबर होता. दुसऱ्या पाकिटाचंही तेच. तिसऱ्या खेपेला मी खोकं उघडलं. आत तेरा गोवऱ्या होत्या.

"मावशी, ही तेरावी कुणी घातली?"

"म्या. ती वरची."

"पण आपण बाराचे पैसे घेतलेत."

"म्हणूनच तर ती वरची. बाराला एक वर, शेकड्याला पाच वर. मोजून तेवढंच द्यायला काय वैऱ्याला देतो आपण? तसं दिलं तर घेणारा फिरून येतो व्हय?"

"अहो, वजन वाढतं. कुरिअरवाला जास्तीचे पैसे लावतो."

"मंग त्याला सांग की, ही वरची हाय. हिचं वजन धरू नको."

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या जगात वरचं हे हिशेबाच्या बाहेरचं असतं, ते काट्यावर यायलाच नको. मी तिला अर्धा तास टप्पे समजावले, अर्धा किलो, एक किलो, दीड किलो. ती "व्हय, व्हय" म्हणाली आणि पुढच्या पाकिटात पुन्हा तेरा. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, मावशी, जरा पातळ थापा, म्हणजे बाराच्या वजनात तेरा बसतील. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. "पातळ करून द्यायची, मंग ती वरची कशी? ती तर त्यांचीच."

तेवढ्यात काकांचा निरोप आला. तुमच्याकडून चुकून एक गोवरी जास्त आली आहे, तिचे पैसे जमा केले आहेत. मी मोठ्या कौतुकानं मावशीला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. ती तांबडीलाल झाली. "वरच्याचे पैशे? माघारी धाड. आत्ता धाड. काय समजला म्हातारा मला!" सात-आठ रुपये माघारी पाठवायला बँकेत किती खटपट करावी लागते ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पाठवले. काकांना काहीच उमगलं नाही, तरी त्यांनी दोन पाकिटांची मागणी नोंदवली. मावशी म्हणाली, "बघ. आला का नाय फिरून?"

शेवटी तोडगा तिनंच काढला. खोकंच नको म्हणाली. जुन्या गोणपाटाचे तुकडे करून, आत कागद घालून, दाभणानं सुतळीनं शिवून टाकायला लागली. खोक्याचं वजन वाचलं, त्यात वरची बसली, आणि वाटेत गोवऱ्या तुटायच्याही थांबल्या. व्हिडिओंतल्या एकाही गुरूनं मला हे शिकवलं नव्हतं.

चैत्र गेला, वैशाख आला. गंगापूरकडून उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा टेम्पो दर तिसऱ्या दिवशी यायचा, त्याच्याकडून दोन पेंढ्या घ्यायच्या. कपिली वाढे खायची, शेण द्यायची, शेण ठाण्याला जायचं, त्याचे पुन्हा वाढे यायचे. मला माझा वाटा मिळायचा. मोठा नव्हता. पण त्यातून मी भाजीवाल्याला पहिल्यांदा नोट दिली तेव्हा भाव करायचाही विसरले. दत्ता सुरुवातीला हसायचा. मग एक दिवस आपणहून त्यानं पाकिटं टँकरच्या केबिनमध्ये ठेवली आणि कुरिअरच्या दुकानात टाकून आला. पाचोडचं नाव त्यानं काही आठवडे काढलं नाही.

ज्येष्ठ लागताना काकांच्या ओळखीनं एका देवस्थानाची मागणी आली. पाचशे गोवऱ्या, मोठा होम होता. मी आनंदानं धावत गेले. मावशीनं आधी आभाळाकडं बघितलं, मग मला समजावलं. "पाऊस पडला म्हंजे चारा आला असं नाय, पोरी. पडल्यावर तीन आठवडे जातेत, तवा कुठं गवत दाताला लागतं. तवर वाढे संपलेले, कडबा संपलेला. जनावर जातं ते त्याच तीन आठवड्यांत." दत्ताही तेच म्हणाला. हे पाचशेचं काम झालं तर ते तीन आठवडे निघतील. नाही झालं तर येत्या बाजाराला पाचोड. यावर मावशी हो म्हणाली. मी तिथंच उभी होते.

एका गायीच्या शेणातून पाचशे गोवऱ्या व्हायला बरेच दिवस लागतात. भिंत पुरेना, म्हणून मी सेक्रेटरींना न विचारता गच्चीही वापरली. निम्म्या वाळल्या, निम्म्या ओल्या, आणि एका दुपारी पश्चिमेकडं ढग आले.

सोसायटीतली माणसं गच्चीवर धावली. कुणी फोटो काढत होतं, कुणी गावाकडं फोन लावून विचारत होतं. सेक्रेटरींनी गोवऱ्या बघितल्या आणि आनंदाच्या भरात त्या ओलांडून कठड्यापाशी गेले. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मी खाली आले, देवासमोर उभी राहिले आणि म्हणाले, आठ दिवस. फक्त आठ दिवस पाडू नको.

ज्या घरात न्हाणीघराचं दार ड्रम सरकवल्याशिवाय उघडत नव्हतं, त्या घरात उभी राहून मी हे मागितलं. तिकडं पाचोडच्या रानात नांगरून ठेवलेली ढेकळं वाट बघत होती. मावशीचे भाऊ बियाणं आणून बसले होते, रोज बहिणीला फोन करून विचारायचे, तिकडं काय म्हणतंय आभाळ. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मागितलं. मला त्याची लाज वाटली. आजही वाटते.

नऊ दिवस कोरडे गेले. ढग यायचे, घोटाळायचे, निघून जायचे. पण हवा दमट झाली होती, गोवऱ्यांना पांढुरकी बुरशी धरायला लागली. मग मी दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला, चकचकीत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि पंख्याखाली दीडशे गोवऱ्या मांडल्या. मावशी पहिल्यांदाच आमच्या घरात आली ती त्या उलटायला. दुपारी वीज गेली की आम्ही दोघी पुठ्ठ्यानं वारा घालायचो. नवरा दारात थांबून म्हणाला, "मी बूट कुठं काढू?" मावशी म्हणाली, "काढू नका, तसंच उभं ऱ्हावा." आठव्या दिवशी सगळ्या वाळल्या. नवव्या दिवशी पोती शिवली, शेकड्याला पाच याप्रमाणं पंचवीस वर घातल्या, त्या मीच मोजून दिल्या. दहाव्या दिवशी पाऊस आला, तेव्हा पोती टेम्पोत चढून गेलेली होती.

कपिलीचे तीन आठवडे निघाले. धंदा मात्र त्या पावसात संपला, कारण ओल्या हवेत गोवरी वाळत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला नोकरी लागली होती. ऑनलाइन कमाईची माझी कारकीर्द एवढीच, एका उन्हाळ्याची. कपिली त्यानंतर सहा वर्षं जगली. मावशीनं पाच गुंठे बिल्डरला दिले तेव्हा गायीला गंगापूरकडं आपल्या लेकीच्या घरी पोचवलं. विकली नाही, हे मावशी अजून दर खेपेला सांगते.

परवा काकांचा निरोप आला आणि मी मावशीकडं गेले. तिच्या त्या पाच गुंठ्यांवर आता चार मजली इमारत आहे, ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्टला घाबरते. गॅलरीत बसून गहू निवडत होती. मीही एक मूठ पुढं ओढली. काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिच्याजवळ बोलून गेले.

"मावशी, त्या वर्षी ढग आले होते ना, तेव्हा मी देवाला म्हणाले होते, आठ दिवस पाऊस पाडू नको."

तिचे हात थांबले नाहीत.

"म्या बी म्हणले व्हते," ती म्हणाली.

"तुम्ही? अहो, तुमचे भाऊ तिकडं पेरणीसाठी खोळंबले होते."

"म्हणून तर कुणाला बोलले नाय."

तिनं सुपातला एक खडा उचलला, उन्हाकडं धरून बघितला, बाजूला ठेवला.

"आठच म्हणले व्हते," ती म्हणाली. "अन् वर एक."